मुरबाडच्या दवाखान्यातलं क्लोरोफॉर्मचं कपाट

दवाखान्यात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. रोगी बरा होऊन घरी जातो, दुखणं संपतं, पण जाता जाता काहीतरी बोलून जातो, आणि ते मात्र तिथेच राहतं. मी मुरबाडला कंपाउंडर होतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी लागलो आणि लढाई संपून गेल्यावरही तिथेच होतो. आता कुणी ओट्यावर गप्पा मारायला बसलं आणि मी एक किस्सा काढला, की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत!

बरं, माझे बरेचसे किस्से एकाच कपाटातून निघतात. हे कपाट कसलं, ते आधी सांगतो.

* * *

मी मुंबईला इंटर सायन्सला नापास झालो आणि कंपाउंडरची परीक्षा देऊन मुरबाडला रुजू झालो. तिथले डॉक्टर रेगे म्हणजे सहा फूट उंच, कपाळावर चष्मा, आणि चष्मा शोधण्यात अर्धा दिवस! त्यांना मुळात रसायनशास्त्रज्ञ व्हायचं होतं. वडिलांनी डॉक्टर केलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कोणत्या विषयात गेलात?"

"ऑरगॅनिक केमिस्ट्री, सर."

"त्यातही कुठे?"

मी खाली मान घालून म्हटलं, "अल्काइल हॅलाइड."

सोपं करून सांगायचं तर कार्बनच्या अंगाला हायड्रोजन असतो. तो काढून त्या जागी क्लोरीन, ब्रोमीन नाहीतर आयोडीन बसवला, की जे पदार्थ होतात त्यांचं ते प्रकरण. कोण कुणाला उठवून त्याच्या जागी बसतो, हे त्यात विचारतात. मी परीक्षेत सगळ्यांना चुकीच्या जागी बसवलं होतं.

डॉक्टरांनी किल्ली घेतली आणि कोपऱ्यातलं काळं कपाट उघडलं. आतून असा वास आला, की गोड म्हणावा की उग्र, कळेना. ते एकेक बाटली दाखवत गेले. "हे क्लोरोफॉर्म. भूल द्यायला. हे पिवळं आयोडोफॉर्म. जखमेवर टाकायला. ही नळी इथाइल क्लोराइडची. कातडी बधिर करायला. आणि हे कार्बन टेट्राक्लोराइड, पोटातल्या जंतांना."

मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सगळं तुमचंच नापास झालेलं प्रकरण! ज्या घरात मार खाल्लात, त्याच घरात जावई होऊन आलात!"

* * *

चैत्रातली गोष्ट. किन्हवलीकडचा गणपत नावाचा शेतकरी नखुरडं घेऊन आला. बोट वांग्याएवढं सुजलेलं, आत पू. बाहेर ऊन असं, की दवाखान्याच्या पायरीवर अनवाणी पाय ठेववेना.

डॉक्टरांनी इथाइल क्लोराइडची नळी काढली. ही काचेची नळी हातात धरली तरी हाताच्या उबेनं आतलं औषध उकळायला लागतं. टोकावरचा चाप दाबला, की बारीक धार उडते. धार गणपतच्या बोटावर पडली आणि बघता बघता बोटावर पांढरं हिव जमलं. भर चैत्रात!

डॉक्टरांनी चीर दिली, पू काढला. गणपतचं तिकडे लक्षच नाही. ड्रेसर गोमा पट्टी बांधत होता, तेव्हा त्यानं विचारलं, "सायेब, हा हिव तुमी आनला कुठनं?"

"आणला नाही रे. हे औषध हवेत उडून जातं. जाताना तुझ्या बोटातली ऊब घेऊन जातं. ऊब गेली की गारठा राहिला."

गणपत विचारात पडला. "मंग माजी ऊब गेली कुठं?"

"या हवेत."

त्यानं दुसरा हात वर केला आणि बोटाच्या वरची हवा हळूच चाचपून बघितली. मी हसणार होतो. पण डॉक्टरांकडे बघितलं तर तेही त्या रिकाम्या हवेकडे बघत उभे होते.

आठवड्यानं गणपत पुन्हा आला. बोट बरं झालेलं. पण मागे पंधरा-वीस माणसं!

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

"कोन नाय. त्यांना हिव बगायचाय."

औषध महागाचं, मोजून यायचं. मला वाटलं डॉक्टर हाकलून देतील. त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि मनगटावर धार मारली. सगळी माणसं वहाणा बाहेर काढून आत आलेली. पांढरं पांढरं हिव धरलं आणि हळूहळू विरून गेलं.

निघताना एक म्हातारी माझ्याजवळ आली. "चांगला केलाव रे. पुन्यांदा कदी हाय?"

* * *

आयोडोफॉर्मचा वास एकदा अंगाला लागला की साबणानं जात नाही. माझं लग्न शहापूरला झालं. हळदीला बायका माझ्या हाताला हळद लावायला आल्या आणि थांबल्या. बोटं आधीच पिवळी!

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगो, वास घ्या आधी! नवरा जखमी हाय का काय, ते बगा!"

* * *

आयोडोफॉर्मवरून आठवलं. एक दिवस हवालदार एक बाटली घेऊन आला. जंगलातल्या एका पाड्यावर मोहाची दारू पकडली होती. ज्याच्या झोपडीत सापडली तो म्हातारा बाहेर बसलेला, दोन पोलीस बाजूला. हवालदार म्हणाला, "डॉक्टर, ही दारूच आहे असं लिहून द्या."

डॉक्टर म्हणाले, "लिहून कसं देऊ? बघावं लागेल."

आता ही गंमत ऐका. दारूत आयोडीन आणि थोडा खार घालून कोमट केलं, की आयोडीनचा तपकिरी रंग जातो आणि आयोडोफॉर्मचे पिवळे कण तळाला बसतात. पाणी असेल तर रंग जातो, पण पिवळं काही पडत नाही. नाकाला कळत नाही एवढी दारू असली तरी ते पिवळं दिसतं.

हवालदाराच्या बाटलीतलं थोडं परीक्षानळीत घेतलं. आयोडीन घातलं, खार घातला, गरम केलं. रंग गेला. आम्ही सगळे वाकून बघतोय. पिवळं काही पडेना. एक कण नाही!

"हवालदार," डॉक्टर म्हणाले, "हे विहिरीचं पाणी आहे."

"असं कसं होईल? मी स्वतः पकडलीय. काल सकाळपासून माझ्याच खोलीत होती!"

डॉक्टरांनी दुसरी परीक्षानळी घेतली, पाणी भरलं, त्यात एक काचेची नळी सोडली आणि हवालदारापुढे धरली. "यात जोरात फुंका बरं."

हवालदार एक पाऊल मागे सरला. "नको सायेब. आज माझा उपास आहे!"

म्हातारा सुटला. जाताना डॉक्टरांच्या टेबलावरच्या त्या परीक्षानळीला नमस्कार करून गेला.

* * *

रेगे डॉक्टरांचा एक मित्र मुंबईच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. सुट्टीत भेटून आले की डॉक्टर आठवडाभर वेगळ्याच तंद्रीत असायचे. एकदा आले ते थेट माझ्याजवळ.

"कंपाउंडर, तुम्ही पेपरात लिहिलंत की आयोडीन गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. बरोबर?"

"हो सर. मार्क मिळाले नाहीत."

"अहो, पण तो गेला कसा? दुसरा आला कुठून? सगळे नुसतं गेला-आला लिहितात! विलायतेत आता त्याचा शोध लागतोय. म्हणतात, नवा पाहुणा समोरून येतच नाही. पाठीमागून येतो! तो मागून टेकला, की पुढचा आयोडीन सैल होतो. आणि मधल्या क्षणी कार्बनचे बाकीचे तीन हात उलटे होतात."

"उलटे म्हणजे?"

त्यांना सांगता येईना. पेन्सिली टोचून बटाट्याची आकृती केली, पण बटाटा फुटला.

मग एक दिवस आम्ही देवी टोचायला वैशाखऱ्याच्या बाजूला गेलो. मोटार रस्त्यात बंद पडली म्हणून पायी निघालो. माळशेजकडून वारा असा सुटला होता, की धोतर आवरावं की टोपी, कळेना. डॉक्टरांनी उन्हासाठी छत्री उघडलेली. एका वळणावर मागून झोत आला आणि फाट्‌दिशी छत्री उलटी झाली. काड्या सगळ्या पुढच्या बाजूला!

माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं. डॉक्टर मात्र जागच्या जागी खिळले. छत्रीकडे बघत राहिले. मग ओरडले, "कंपाउंडर! हेच! हेच ते! वारा मागून आला, काड्या उलट्या झाल्या! पुन्हा करा!"

मी छत्री सरळ करून धरली. वाऱ्यानं पुन्हा उलटली.

"तो मधला क्षण बघा! काड्या ना इकडे ना तिकडे, अगदी सपाट! तेवढ्या क्षणात जुना अजून गेलेला नाही आणि नवा अजून आलेला नाही! पुन्हा!"

आम्ही भर रस्त्यात ती छत्री किती वेळा सरळ केली असेल! डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यानं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मी ज्यात नापास झालो ते प्रकरण किती सुंदर होतं. डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या एवढ्याशा कणाची इतकी तऱ्हा! हे आपल्या बाटल्यांत रोज चाललेलं असतं, आणि आपण बूच लावून घरी जातो.

बांधावर एक शेतकरी बैल घेऊन थांबला होता. त्यानं सगळं बघितलं. मी जवळून गेलो तेव्हा हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "सायेबाच्या अंगात वारा येतो, हे आमाला ठाव नव्हता!"

* * *

हा किस्सा सांगताना अजून माझा घसा खवखवतो.

आषाढ होता. भर दुपारी अंधारून आलेलं. एका माणसाचा हात बैलगाडीखाली चिरडला होता, दोन बोटं काढायची होती. त्याच्याबरोबर त्याचा चुलता धोंडू आलेला. धोंडू पहिल्या मोठ्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेला पेन्शनर. तो बाहेर व्हरांड्यात बसला.

उजेड नव्हता म्हणून बत्ती पेटवली. हत्यारं उकळायला स्टोव्ह चालू. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या. मी तोंडावरच्या जाळीवर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडत होतो. काम लांबलं. आणि मला खोकला आला. मग गोमाला आला. मग डॉक्टरांना. घशात कुणी सुई फिरवावी तसं झालं.

तेवढ्यात बाहेरून धोंडूची आरोळी आली, "गॅस! गॅस! भायेर पडा!"

त्याच क्षणी डॉक्टर ओरडले, "बत्ती विझवा! स्टोव्ह बंद! खिडक्या उघडा!"

आम्ही रोग्याला टेबलासकट व्हरांड्यात काढलं. धोंडू तिथे उभा, ओला पंचा तोंडाला बांधलेला. उरलेलं काम डॉक्टरांनी व्हरांड्यातच, पावसाच्या उजेडात उरकलं. रोगी वाचला. आम्ही दोन दिवस खोकत होतो.

संध्याकाळी धोंडू म्हणाला, "कुजल्या गवताचा वास आला ना, तवाच वळखला. तिकडं खंदकात हाच येयाचा. माज्या बाजूचा पोरगा हसत हसत बोलत व्हता, सकाळी उठलाच नाय."

डॉक्टरांनी सांगितलं, की क्लोरोफॉर्म पेटत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ज्योतीजवळ त्याची वाफ गेली की ती मोडते, आणि तिचा लढाईतला विषारी वायू होतो. उन्हात बाटली राहिली तरी आत थोडा थोडा तोच तयार होतो. म्हणून बाटली काळी.

धोंडूनं कपाटाकडे बघितलं. "म्हंजे झोपवनारा पन हाच आनि मारनारा पन हाच?"

"हो."

"मंग सायेब," धोंडू म्हणाला, "याला अंधारातच ठेवा. उजेडात माणूस बिघडतो तसा हा पन बिघडतो!"

* * *

धोंडूचं ते बोलणं दुसऱ्या लढाईच्या दिवसांत खरं झालं. औषधांची टंचाई. काळ्या बाटल्या मिळेनात, म्हणून क्लोरोफॉर्म साध्या पांढऱ्या बाटलीत आलं, आणि वाटेत किती दिवस उन्हात पडलं होतं कोण जाणे.

नेमका तेव्हाच काळू नावाचा लाकूडतोड्या डोलीतून आला. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकलेला, पोट फुगलेलं, ओकाऱ्या. संध्याकाळपर्यंत पोट उघडलं नाही तर माणूस जातो. कल्याणची मोटार दुसऱ्या दिवशी.

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मचा थेंबभर पाण्यात हलवून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. चांगल्या क्लोरोफॉर्ममधला क्लोरीन कार्बनला घट्ट धरून असतो, तो चांदीला दाद देत नाही. पाणी स्वच्छ राहतं. आमचं पाणी दुधासारखं झालं! म्हणजे आतला क्लोरीन सुटलेला. बाटलीत विष.

काळूची बायको दारात उभी होती. "सायेब, करताव ना?"

डॉक्टर म्हणाले, "करतो. आधी औषधालाच औषध देतो."

त्यांनी क्लोरोफॉर्म पाण्यानं धुतलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, पुन्हा पाण्यानं धुतलं. ते जड, तळाला बसतं, पाणी वर राहतं. मग त्यात उरलेलं पाणी काढलं. मग डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रात घालून खाली नुसतं गरम पाणी ठेवलं. जाळ कुठेच नाही, शेजारच्या घरातून गरम पाण्याची भांडी येत होती. क्लोरोफॉर्म पाण्याच्या कितीतरी आधी उकळतं. नळीच्या टोकाशी पहिला थेंब जमला. काचेसारखा. पडला. दुसरा जमला.

मी आयुष्यात सोनं-नाणं फार बघितलं नाही, पण त्या थेंबांहून किमती काही बघितल्याचं आठवत नाही.

पुन्हा सिल्व्हर नायट्रेट घातलं. पाणी स्वच्छ! डॉक्टरांनी त्या शुद्ध क्लोरोफॉर्ममध्ये दोन थेंब स्पिरिट घातलं, पुन्हा बिघडू नये म्हणून. मग जाळी स्वतःच्याच नाकाला लावायला निघाले.

गोमा मध्ये पडला. "सायेब, तुमीच झोपलाव तर पोट कोन फाडनार?"

"बरोबर! कंपाउंडर, तुम्ही हुंगा."

मी हुंगलं. घशाला काही टोचलं नाही. डोकं हलकं झालं, भिंती लांब गेल्या.

डॉक्टरांनी वाकून विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हणालो, "सर, ऑरगॅनिकचा पेपर दिसतोय. सगळा येतोय!"

काळू वाचला. पुढे किती वर्षं बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या दारात सरपणाची मोळी टाकून निघून जायचा.

* * *

आता हा शेवटचा. हा मी फार वेळा सांगत नाही.

क्लोरोफॉर्म दिलं की माणूस एकदम झोपत नाही. आधी थोडा वेळ मन मोकाट सुटतं. कुणी शिव्या देतो, कुणी गातो, कुणी बैलाला हाका मारतो. उठल्यावर त्याला त्यातलं काही आठवत नाही.

वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर हौशी नावाची बाई होती. तिला सगळे मुकीच म्हणायचे. ती जन्माची मुकी नव्हती. तिचा एकुलता लेक सोम्या एका पावसाळ्यात ओढ्यातून वाहून गेला. सकाळी आईशी काहीतरी वाद झाला आणि तो न जेवताच गुरांमागे गेला होता. त्या दिवसापासून हौशीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. नवरा, लहानू, साधा माणूस. भगत झाले, डॉक्टर झाले. मग त्यानं विचारणं सोडलं. तो बोलायचा आणि ती मान हलवायची, असा संसार चाललेला.

पाला काढताना ती कड्यावरून घसरली आणि हाताचं हाड मोडलं. लहानूनं तिला पाठीवर घेऊन आणलं. हाड बसवायला भूल द्यावी लागणार होती. सकाळची वेळ, लख्ख ऊन. लहानू बाहेर खिडकीखाली उकिडवा बसला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हौशीचा चांगला हात धरला, मी जाळी ठेवली आणि थेंब सोडायला लागलो.

ती शांत पडली होती. मग श्वास बदलला. पापण्या थरथरल्या. ओठ हलायला लागले. मला वाटलं, कण्हत असेल.

"सोम्या..."

आवाज जाडाभरडा, वापर नसलेला. बिजागरी करकरावी तसा. नर्सबाईंच्या हातातून कापूस पडला. डॉक्टरांचे हात हवेतच थांबले.

"सोम्या रे... जेवलास का?"

बाहेर एकदम शांत झालं. मला कळलं, खिडकीखालच्या माणसानं ऐकलंय.

तिनं मान इकडून तिकडे फिरवली. आवाज मोठा झाला, लांबच्या कुणाला हाक मारावी तसा. "जेवलास का रे? सोम्या! जेवलास का?"

डॉक्टरांनी मला खुणेनं सांगितलं, थांबा. माझा पुढचा थेंब बाटलीच्या तोंडाशीच राहिला. उत्तर न मिळाल्यासारखी तिची छाती वर-खाली होत होती, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

मी खिडकीकडे बघितलं. लहानू उठून उभा राहिला होता. दोन्ही हातांनी गज धरलेले, डोळे घट्ट मिटलेले. आणि तो पांढऱ्या दाढीचा माणूस, अगदी बारीक, पोराच्या आवाजात म्हणाला,

"जेवलो गो आये! पोटभर जेवलो!"